जोडीविना

मानपाडा, डोंबिवली पूर्व
रविवार, १२ जानेवारी २०२५

मेघाली,

मायना ठरवता आला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तू माझा नंबर बंद केला आहेस आणि ईमेलला उत्तर देत नाहीस, तेव्हा कागद उरला. दिवा स्टेशनजवळचा तुझा नवा पत्ता तुझ्या अंतरावहिनींनी दिला. मी तो मागितला होता. त्यांनी आपणहून दिला असं समजून त्यांच्यावर रागावू नकोस.

आधी कामाचं. शुक्रवारी, दहा तारखेला, सकाळी नऊ बेचाळीसला 'कथाकपाट'वर तुझा अर्ज आला. 'लाँचवरच्या दोघी' ही तुझी कथा, एकोणीस प्रकरणं, कायमची काढून टाकावी असा. कारणाचा रकाना तू रिकामा ठेवला आहेस. तो भरणं सक्तीचं नाही, तेव्हा अर्ज पूर्ण आहे. त्या क्षणापासून कथा कुणालाही दिसत नाही. तीस दिवसांत तू अर्ज मागे घेतला नाहीस, तर नऊ फेब्रुवारीला ती पुसली जाईल. पुसायचं काम मला करावं लागेल. साइट आपण दोघींनी उभी केली, ते अधिकार दोघींकडेच होते, आणि तू तुझे सोडले आहेस.

तीस दिवसांची मुदत तूच सुचवली होतीस. मी सात म्हणत होते. सात दिवस माणूस नुसत्या रागावर काढतं, असं तू म्हणाली होतीस.

आता तीन डिसेंबरबद्दल. तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून काय झालं ते क्रमाने लिहिते.

'सातव्या धक्क्यावर' ही टीव्हीवरची मालिका संपली तेव्हा त्यांनी तिच्यातल्या यमुनाला एका भागात लग्न लावून नाशिकला पाठवलं आणि ललिताला बंदरावर एकटीला उभं केलं. तू तिथून पुढे लिहायला घेतलंस. वर्षभर, पंधरा-वीस दिवसांनी एक प्रकरण. कप्पा तू निवडला होतास: 'जोडीविना'. म्हणजे जिच्यात कुणाचंच प्रेमप्रकरण मध्यवर्ती नाही अशी कथा. एकोणिसावं प्रकरण आलं, आणि मी ते आपल्या कसोटीवर लावून पाहिलं. कसोटी अशी: दोघांमधलं प्रेम काढून टाकलं आणि कथा तरीही उभी राहिली, तर 'जोडीविना'. कोसळली, तर त्या जोडीच्या कप्प्यात. तो-ती, ती-ती, तो-तो, जे असेल ते. तुझी कथा कोसळत होती. मी कप्पा बदलून 'ती-ती' केला.

कप्पा बदलला की ती कथा वाचणाऱ्या सगळ्यांना आपोआप ईमेल जाते. ती सोय मी लिहिली आहे. तिच्यात लेखिकेला आधी विचारण्याची पायरी नव्हती. ईमेल एकशे बारा जणांना गेली. त्यांत अंतरावहिनी होत्या, हे मला माहीत नव्हतं.

नियमाप्रमाणे बदल बरोबर होता. परिणाम वाईट झाला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

संचिता


मानपाडा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

मेघाली,

रविवारच्या पत्रात एक विधान अपुरं आहे, ते दुरुस्त करते.

'नियमाप्रमाणे' असं मी लिहिलं. काल मी नोंदी काढून बघितल्या. 'जोडीविना' कप्प्यात आज दोनशे सहा कथा आहेत. आपली कसोटी काटेकोर लावली तर त्यातल्या निदान चौदा तिथे बसत नाहीत. सान्वीची ती इस्पितळाची कथा घे. डॉक्टर आणि परिचारिका बावीस प्रकरणं एकमेकांच्या पाळ्या बदलून घेतात, आणि सान्वी तिला 'कामाच्या ठिकाणची गोष्ट' म्हणते. मी ती गेल्या वर्षी वाचली, हसले आणि सोडून दिली. तिच्याकडे नियम घेऊन गेले नाही.

तुझ्याकडे गेले.

ऑफिसात माझं काम तुला माहीत आहे. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. नळीवरची चिठ्ठी चुकली तर आतलं रक्त तेच राहतं आणि माणूस बदलतो, हे नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मीच शिकवते. त्यामुळे चिठ्ठी बरोबर असली की झालं, अशी माझी समजूत होती. बरोबर चिठ्ठीनेही कुणाचं नुकसान होतं, हे आमच्या प्रशिक्षणात नाही.

आईने काल विचारलं, "हल्ली कुणाला पत्रं लिहितेस? बँकेला?"

मी म्हटलं, "मैत्रिणीला."

"फोन नाही तिच्याकडे?"

"आहे."

ती आत जाऊन आली. टेबलावर एका मुलाचा फोटो आणि माहितीचा कागद ठेवून गेली. मुलगा पुण्यात असतो, मूळ गुहागरचे. मी तो कागद वाचला, कारण समोर ठेवलेला कागद मी वाचतेच.

उरलेले दिवस: चोवीस.

संचिता


मानपाडा
रविवार, २६ जानेवारी २०२५

मेघाली,

काल मी ठाण्याला, चेंदणी कोळीवाड्यात, तुमच्या घरी गेले होते. तुला हे आवडणार नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

अंतरावहिनींचा फोन आला होता. "आई तुला बोलावतायत. का ते मला माहीत नाही. मेघालीचे भावेशदादा नसतील, शनिवारी त्यांची ड्यूटी असते." मी तीन वाजता पोचले. तुझी आई ओट्यावर करंदीची बारकी कोळंबी निवडत बसल्या होत्या. मी उभी राहिले.

"बस गो. उभ्यानं बोललीस तं वसुलीला आल्यासारी वाटतेस."

मी बसले. त्यांनी विचारलं, "ते कपाट म्हंजी काय?"

मी सांगितलं. मालिका संपते, पण काही जणांना तिच्यातली माणसं सोडवत नाहीत, मग ते स्वतःच पुढची गोष्ट लिहितात. आम्ही त्या गोष्टी एका ठिकाणी ठेवतो. वाचणाऱ्याला हवी ती सापडावी म्हणून कप्पे केले आहेत. कुणाचं कुणावर प्रेम आहे, त्यावरून.

"परेमावरून?"

"हो."

"आमीपन मासली वेगली करतो. मोठी, बारकी, आजची, कालची. कुनी कुनाव जीव लावला त्याच्यावरून नाय करत."

आतून अंतरावहिनी हसल्या.

"आनि जिच्यात परेम नाय तिचा कप्पा?"

"जोडीविना."

"तशी गोष्ट असते?"

"असते, मावशी."

"मी नाय आयकली कदी," त्या म्हणाल्या आणि करंदीची मूठ पाटीत टाकली.

मला माहीत नव्हतं, मेघाली, की त्या वर्षभर ती कथा ऐकत होत्या. दुपारी तीनला, इथेच, अंतरावहिनी फोनवरून वाचायच्या आणि त्या हातातलं काम करत ऐकायच्या. पंधरा-वीस दिवस पुढचं प्रकरण यायचं नाही, तेव्हा आधीचं परत वाचून घ्यायच्या. यमुना नाशिकहून निघून येते ते प्रकरण तीन वेळा वाचलं म्हणे. तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारायला हवं होतं की तुझे वाचक कोण आहेत. मला फक्त त्यांची संख्या माहीत होती.

मी म्हटलं, "मावशी, चूक माझी झाली. तुम्हाला ते असं कळायला नको होतं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"काय कलला मना? पोर माजी हाय. ती यमुना कशी बोलते, कवा गप बसते, मना समजत नाय? पयल्या दिसापासून ठाव व्हता. मी आयकत व्हते. कुनी इचारला नाय, मी बोलली नाय. आयकताना बरा वाटत व्हता."

त्यांनी पाटी जवळ ओढली.

"तू ती चिट्टी पाठवलीस. अंतरानं वाचली, भावेशनं तिच्या हातातून घेतली. मंग घरात सगल्यांनी माज्या तोंडाकडं बगितला. आता आय काय बोलते. तवा मना कायतरी बोलाया लागला."

"काय बोललात?"

"अंतराला बोलली, वाचू नको. तेवढाच. पोरीला काय बोलली नाय." त्यांनी एक करंदी बाजूला टाकली. "तिला बोलाया पायजे व्हता. जे सुचंल ते."

निघताना अंतरावहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. पंधरा डिसेंबरला जेवताना काय झालं, ते तिथे कळलं. तू मला एकदाही सांगितलं नव्हतंस. भावेशनी विचारलं, ती दुसरी कोण. तू म्हणालीस, गोष्टीतली आहे. ते म्हणाले, नाव सांग, मी त्या घरी जाऊन बोलतो. तू ताटावरून उठलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन बाहेर पडलीस.

"मी म्हटलं, अगं कुठे चाललीस? तर म्हणे, ऑफिसमधली मुलगी दिव्याला राहते, तिच्यासोबत राहते. हे अजून म्हणतात, नाव सांगितलं की घरी ये. तिने नाही घेतलं नाव, संचिता." वहिनी रस्त्याकडे बघत होत्या. "मी पण नाही घेतलेलं."

मी घरी आले. मला वाटत होतं, तू माझ्यावरच्या रागाने घर सोडलंस. तू माझं नाव न घेता सोडलंस.

संचिता


मानपाडा
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

मेघाली,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. तू लिहिलं आहेस ते इथे उतरवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

'कथा काढायचीच आहे. आईकडे गेलीस ते आवडलं नाही. पण पत्रं थांबव असं म्हणत नाही. ती गोष्ट एकीने वाचावी म्हणून लिहिली होती. तिने वाचली नाही, तपासली. पाण्याचा टँकर आलाय, खाली जाते.'

मी ते पुष्कळदा वाचलं. तुझं म्हणणं बरोबर आहे.

चौदा कथा सोडून तुझीच का उचलली, याचं उत्तर मी दोन पत्रांत टाळलं आहे. आता लिहिते. अक्षर खराब येईल.

एकोणिसावं प्रकरण मी दोन डिसेंबरला वाचलं, माजिवड्याला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, जेवताना. ललिताच्या डोळ्यात गंजाचा कण जातो. यमुना तिला धक्क्याच्या कठड्याला टेकवून उभी करते, रुमालाचं टोक ओलं करते, पापणी वर धरते. मग ते वाक्य: 'कण निघाला होता. यमुनाने हात काढला नाही.'

डिप्लोमाचं चौथं सत्र. वर्कशॉप, खिडकीजवळचा दुसरा लेथ. माझ्या डोळ्यात बिडाच्या लोखंडाचा कण गेला होता. तुझ्या रुमालाला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून तू आधी माफी मागितलीस. मी विचारलं, "निघाला का?" तू म्हणालीस, "हो." आणि तुझा हात माझ्या गालावर तसाच राहिला. मी मोजलं नाही, पण बराच वेळ. मग मी म्हणाले, "जर्नल पूर्ण करायचं आहे." आणि गेले.

त्यावर आपण सात वर्षांत एक शब्द बोललो नाही. आपण एक साइट उभी केली. जगातलं सगळं प्रेम चार कप्प्यांत बसवायचे नियम रात्रंदिवस वाद घालून लिहिले. तो वाद मला फार आवडायचा. आता वाटतं, आपण दोघी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होतो, आणि ते फक्त तुला माहीत होतं. नाही. हे खोटं आहे. मलाही माहीत होतं.

प्रकरण वाचून झाल्यावर मी तुला फोन करायला हवा होता. "ही मी आहे का?" एवढं विचारायचं होतं. चार शब्द. मी डबा बंद केला, जागेवर गेले आणि नियमांचं पान उघडलं. दुसऱ्या दिवशी कप्पा बदलला. मला वाटलं, तू हरकत घेशील किंवा घेणार नाहीस. घेतली नाहीस, तर मला उत्तर मिळेल आणि प्रश्न विचारल्याचं कुठेच दिसणार नाही. जे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, ते मी तुझ्या कथेवर चिकटवून बघितलं. तुझ्या घरात ते कुणी वाचेल, हा विचार त्यात नव्हता, कारण त्या विचारात फक्त मी होते.

तू हरकत घेतली नाहीस. तोपर्यंत तुझ्या घरात दुसरंच सुरू झालं होतं.

साइटवर बदल केला आहे. आता कप्पा फक्त लेखिका ठरवते. 'सांगायचं नाही' असाही पर्याय आहे. तपासणारे कुणी राहिले नाहीत, मीही नाही. सान्वीचा लगेच निरोप आला: "म्हणजे माझे डॉक्टर-नर्स कायमचे सहकारी! सुटले बिचारे." तू असतीस तर हसली असतीस. हा बदल मी तुझं मन वळवायला केलेला नाही. तुझ्या कथेला त्याचा आता उपयोग नाही, हे मला कळतं.

अर्ज मागे घे, असं मी म्हणणार नाही. एकदा तुझ्या गोष्टीबद्दल मी ठरवलं, तेवढं पुष्कळ झालं. नऊ तारखेला सकाळी नऊ बेचाळीसला मी बघेन. तुझा अर्ज असेल तर पुसेन.

संचिता


मानपाडा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

मेघाली,

अर्ज होता. नऊ पंचेचाळीसला पुसली. राखीव प्रतीतूनही काढली, तिथून ती परत आणता येणार नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

एक प्रत माझ्याकडे कागदावर होती. डिसेंबरमध्ये छापली होती, ऑफिसच्या प्रिंटरवर, सगळे गेल्यावर नव्हे, सगळ्यांसमोर, अहवाल असल्यासारखा चेहरा करून. ती या पाकिटात आहे. तुझी आहे. दुसरी प्रत मी ठेवलेली नाही.

त्यानंतर मी चेंदणीला गेले. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं, आणि आज रविवार असल्यामुळे भावेश घरी असणार हे मला माहीत होतं.

ते दारातच मिक्सर उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, "अरे वा. कपाटवाल्या मॅडम."

"मावशी आहेत?"

"आहेत ना. आई, तुझी पावनी आलीय."

तुझी आई आतल्या खोलीत जवळा पाखडत होत्या. अंतरावहिनी चुलीशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. मी सांगितलं की कथा पुसली. मेघालीने तसं सांगितलं होतं.

"सगली?"

"सगळी."

"आता कुटं नाय?"

"नाही, मावशी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "शेवटचा मी आयकलाच नाय. मी बोलली वाचू नको, तं अंतरानं नाय वाचला. तुला येतो तोंडानं?"

मी म्हटलं, येतं. मला ते प्रकरण जवळजवळ शब्दशः येतं. मी पाठ करायला बसले नव्हते. मी सांगायला लागले. मला गोष्ट सांगता येत नाही, तुला माहीत आहे. आवाज चढत-उतरत नाही. मी तारीखवार सांगावं तसं सांगत गेले. मासेमारीला बंदी असलेल्या दिवसांत लाँच धक्क्यावर ओढून ठेवलेली, ललिता बुडाची मोजमापं घेतेय, यमुना पत्रा घासतेय. गंज उडतो. रुमाल. कठडा. कण निघतो. हात तसाच राहतो. त्यानंतर त्या दोघी काय बोलतात, ते. मग काय करतात, तेही. मी काही गाळलं नाही. कुठे आवाज खाली आणला नाही. दारातली मिक्सरची खुडबुड केव्हाची थांबली होती.

मी संपवलं. मग भावेश दारातून म्हणाले, "छान. आता ती दुसरी कोण, तेवढं कुणीतरी सांगा. दोन महिने विचारतोय."

अंतरावहिनी म्हणाल्या, "अहो, असू द्या ना."

मी म्हणाले, "मी आहे."

"काय?"

"ललिता. ती मी आहे. तिला बंदरखात्यात मोजणीचं काम दिलंय, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नाक तिचं बरं आहे. बाकी मीच."

ते उठून आत आले. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो त्यांनी फळीवर ठेवला. मला त्यांची थोडी दया आली. दोन महिने ते कुणातरी परक्या बाईच्या दारात जाऊन भांडायची तयारी करत होते. मी तुमच्याकडे गेली आठ वर्षं येते. त्यांच्या लग्नात मी अक्षता वाटल्या आहेत.

"तुम्ही त्या घरी जाऊन बोलणार होतात," मी म्हटलं. "मानपाड्याला. पत्ता लिहून देते."

"आणि मेघालीचं? तिचं पण हेच?"

"तिचं तिला विचारा. तिच्या वतीने एकदा मी सांगून बसले, त्याचं काय झालं ते तुम्ही बघताय. मी फक्त माझं सांगितलं."

ते बाहेर गेले. चपला घातल्या नाहीत, म्हणजे लांब गेले नसावेत. अंतरावहिनींनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांच्या मागे गेल्या.

तुझ्या आईंनी सूप पुन्हा हातात घेतलं होतं. पाखडत नव्हत्या, नुसतं धरलं होतं. मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील. मी त्याचीच तयारी करून आले होते. बसमध्ये मी निघताना काय बोलायचं त्याचं वाक्यही ठरवलं होतं.

त्यांनी विचारलं, "तुज्या आयला ठाव हाय?"

"नाही."

"कदी सांगितला नाय?"

"नाही, मावशी."

"मंग माज्या घरात येऊन काय सांगतेस?" आवाज मोठा नव्हता. "माजी पोर दोन म्हयने दुसरीच्या खोलीत दिव्याला रायते, पान्याला उतरते चढते. तिनं तुजा नाव नाय घेतला. तू तुज्या आयच्या हातचा जेवतेस. दुसऱ्याच्या आयला सांगना सोपा हाय गो. आदी तुज्या घरी सांग. मंग माज्या पोरीला घेऊन हितं ये, नायतर नको घेऊन येऊ, ते तुमी बगा. पन आदी तुज्या आयला सांग."

मी ठरवलेलं वाक्य वापरलं नाही. वाकून नमस्कार केला आणि निघाले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, पायही मागे घेतले नाहीत.

आता साडेचार वाजले आहेत. मी माझ्या खोलीत बसून हे लिहिते आहे. तू परत चेंदणीला जावंस, किंवा मला उत्तर द्यावंस, असं या पत्रात काही नाही. तू नाव लपवलं होतंस, ते आता लपवायची गरज नाही, एवढंच कळवायचं होतं. भावेशची अट संपली. पुढचं तू ठरव.

बाबा खाली गेले आहेत. आई स्वयंपाकघरात मटार सोलते आहे, इथून ऐकू येतं. मघाशी तिने हाक मारून विचारलं की पुण्याच्या लोकांना काय कळवायचं, ते लोक आज फोन करणार आहेत. मी म्हटलं, आलेच.

पाकीट चिकटवून झालं की मी आत जाणार आहे. पोस्टात टाकायला उद्या सकाळी खाली उतरेन. आत काय झालं ते या पत्रात लिहिता येणार नाही, कारण मी हे पत्र आत जायच्या आधी बंद करते आहे. नंतर बंद केलं, तर कदाचित मी जाणारच नाही.

तुझी
संचिता